लव्हर्नच्या लग्नाचा केक

शुक्रवारी सकाळी आठ वाजता लव्हर्न स्टेनसन मार्लिसच्या दारात येऊन उभी राहिली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता तिचं लग्न होतं. वय वर्षं एकाहत्तर.

मार्लिस हॉव्ह तिची मावसबहीण, दहा वर्षांनी धाकटी. धंद्यानं खासगी गुप्तहेर. विमा कंपन्यांसाठी जळालेली कोठारं तपासण्यात तिची पंचवीस वर्षं गेली होती आणि माणसांच्या थापा तिला आता लांबूनच कळत. तिचा दीर ड्वेन टेबलाशी न्याहारी करत होता. तो आयुष्यभर शाळेची बस चालवायचा. निवृत्त झाल्यापासून वहिनीची गाडी चालवतो.

"क्लेटननं आयत्या वेळी नकार दिला?" ड्वेननं विचारलं.

"तोंड आवर, ड्वेन. बस लव्हर्न. काय झालं?"

"केक चोरीला गेला."

ड्वेनचा जीव भांड्यात पडला. मार्लिसचा नाही पडला. नुसत्या केकसाठी आमच्या भागात कुणी पन्नास मैल गाडी हाकत येत नाही.

"केक जाऊ दे खड्ड्यात," लव्हर्न म्हणाली. "आर्डिथ म्हणते, तिच्या सुनेनं चोरला. रोंडानं. रविवारच्या आत घर सोड म्हणून सांगितलंय तिला. आर्डिथचा मुलगा तीन वर्षांमागे ट्रॅक्टरखाली गेला. तेव्हापासून त्या दोघीच एकमेकींना आहेत. रोंडा चोर असेल तर तसं सांग. नसेल तर आर्डिथला पटवून दे. माझं ती ऐकत नाही. पासष्ट वर्षांपासूनची मैत्रीण माझी, पण काल माझ्यावरही खेकसली."

"केक आर्डिथनंच केला होता?"

"दुसरं कोण करणार? ऑर्विलशी माझं पहिलं लग्न झालं तेव्हाही तिनंच केला होता. आम्ही एकवीस-बावीस वर्षांच्या. तिकडे उत्तरेच्या जुन्या चर्चमध्ये. आता ते बंद आहे, आर्डिथ वर्षातून एकदा झाडायला जाते तेवढंच. या वेळी लग्न गावातल्या चर्चमध्ये. मी तिला म्हटलं, चाळीसच माणसं आहेत, एकच छोटा केक कर, वर पिवळे गुलाब काढ. क्लेटनच्या अंगणात पिवळे गुलाब आहेत ना, म्हणून."

मार्लिसनं कोट चढवला. ड्वेननं उरलेलं अंडं एका घासात संपवलं.

आर्डिथचं घर गावाबाहेर, डांबरी रस्त्याला लागूनच. आर्डिथ उंच, ताठ, अंगात एप्रन. दार उघडताच तिनं बशी पुढे केली.

"वड्या घ्या. लिंबाच्या आहेत. जरा आंबट झाल्यात, माझ्या स्वभावासारख्या."

ड्वेन मोकळेपणानं हसला आणि त्यानं एक वडी उचलली.

मार्लिस स्वयंपाकघर बघत होती. मोरीत एक वाडगं पडलं होतं, त्याच्या कडेला जांभळं आयसिंग वाळून चिकटलं होतं. खिडकीत खायच्या पिवळ्या रंगाची बाटली होती. तिचं सीलही फोडलेलं नव्हतं.

"केक कधी पुरा झाला?"

"बुधवारी संध्याकाळी. तीन थर. नुसते लायलॅकच्या जांभळ्या फुलांचे घोस काढायलाच चार तास गेले. गुरुवारी सकाळी तिन्ही खोकी तळघरात होती. संध्याकाळी बघते तर तळघर रिकामं!"

"तिन्ही थर वेगळे ठेवले होते?"

"मग काय चढवलेला केक गाडीतून नेतात? पहिल्याच खड्ड्याला आडवा होईल. जागेवर नेऊन मग एकावर एक चढवायचा. तू कधी काही भाजलंयस का गं?"

"नाही. दुसऱ्यांनी जाळलेलं बघितलंय फक्त."

आर्डिथ हसली. हसताना ती फार देखणी दिसत होती. तिनं बशी पुन्हा ड्वेनपुढे धरली. "वड्या घ्या. जरा आंबट झाल्यात, माझ्या स्वभावासारख्या."

"तीन थर म्हणजे पुष्कळ झाले," मार्लिस म्हणाली.

"दीडशे माणसांना त्याहून कमी कसे पुरतील?"

"आणखी काही गेलं?"

"माझी पिशवी! पॅलेट नाइफ, नोझलं, थरांना आधाराच्या काड्या, उरलेलं आयसिंग. चाळीस वर्षं वापरलेली पिशवी. त्या बयेनं तीही सोडली नाही."

"काल दिवसभर घरीच होतात तुम्ही?"

"कुठे जाणार? मी गाडी चालवायची नाही असं सूनबाईंचं फर्मान आहे." आर्डिथचा आवाज चढला. "माझ्या मुलाच्या घरात राहते आणि मलाच कोंडून घालते!" मग ती जराशी थांबली, ड्वेनकडे वळली आणि बशी पुढे करून म्हणाली, "वड्या घ्या ना. आंबट झाल्यात जरा, माझ्या स्वभावासारख्या."

ड्वेन तिसऱ्यांदाही तितकाच मनापासून हसला.

रोंडा अंगणात आपल्या छोट्या ट्रकमध्ये कपड्यांच्या पेट्या भरत होती. पंचेचाळिशीची, रुंद खांद्यांची, कमी बोलणारी बाई.

"गुरुवारी कुठे होतीस?"

"शाळेच्या स्वयंपाकघरात. सात ते तीन. बारा बायकांबरोबर. विचारा कुणालाही."

गॅरेजमध्ये आर्डिथची निळी गाडी होती. ड्वेननं मागच्या काचेवर बोट फिरवलं. बोट पांढरं झालं.

"गाडी कधी धुतलीस?" मार्लिसनं विचारलं.

"बुधवारी. लग्नाला न्यायची म्हणून."

"मग एवढी धूळ?"

"वारा होता काल." हे म्हणताना रोंडानं पायाकडे पाहिलं.

"रोंडा, त्या तुला चोर म्हणतात आणि तू एक शब्द उलटून बोलत नाहीस?"

"काय बोलू? अलीकडे चिडतात फार. मला जायचं दुःख नाही हो. पण मी गेले तर त्यांना जेवायला कोण हाक मारेल? त्यांचं जेवायचंच राहून जातं." तिनं पेटी ट्रकमध्ये ढकलली आणि बाहीनं नाक पुसलं.

"हिनं नाही केलं," गाडीत बसताच ड्वेन म्हणाला. "चोर असं रडत नाही. ती दुसरी, क्लेटनची मुलगी डार्ला. तिला हे लग्न नकोच आहे. सगळं गाव जाणतं."

डार्ला गावातल्या चर्चच्या तळघरात टेबलांवर चादरी अंथरत होती. तिनं प्रश्न पुरा होऊच दिला नाही.

"हो, नको होतं मला लग्न. आई जाऊन दोनच वर्षं झालीत. दुकानात म्हणालेही मी, तो केक माझ्या घशाखाली उतरणार नाही. ते आर्डिथच्या कानावर गेलं. म्हणून काल अकरा वाजता तिची माफी मागायला गेले होते. खूप वेळ दार वाजवलं. घरात कुणी नाही, गॅरेज उघडं आणि रिकामं. मग जाळीच्या दारात चिठ्ठी खोचून आले. आता त्याबद्दलही मला फासावर चढवा!"

"कुणी चढवत नाही. कुणाची गाडी नव्हती?"

"एकच तर गाडी असते तिथे. आर्डिथची निळी. रोंडा ट्रकनं जाते."

बाहेर आल्यावर ड्वेन खूश होता. "बघ! स्वतःच कबूल केलं. घरी कुणी नसताना ही तिथे हजर."

मार्लिस गाडीला टेकून उभी राहिली.

"ड्वेन, वड्या किती खाल्ल्यास?"

"तीन. भली बाई आहे. दर वेळी तोच विनोद करून वाढत होती."

मार्लिसनं डोळ्यांवर हात धरला. आपला तर्क चुकीचा निघावा असं तिला मनापासून वाटलं, आणि असं तिला फारसं कधी वाटत नसे.

"लव्हर्नला फोन कर," ती म्हणाली. "रोंडालाही बोलाव. आर्डिथला नको. उत्तरेला जायचंय, खडीच्या रस्त्यानं."

जुनं चर्च गव्हाच्या शेतात एकटं उभं होतं. किल्ली कुलपातच होती. चौघंही जिना उतरून खाली तळघरात गेली.

फरशी झाडलेली होती. लांब टेबलावर पांढरी चादर होती आणि तिच्यावर केक. तीन थर, सरळ, कुठे तसूभर कलता नाही. कडेकडेनं लायलॅकचे घोस इतके दाट की हात लावावासा वाटावा. शेजारी आर्डिथची पिशवी.

"अगं बाई," लव्हर्न म्हणाली आणि जवळच्या खुर्चीवर बसली.

"ही फुलं दोन रंगांची का?" ड्वेननं विचारलं. भिंतीच्या बाजूचे घोस जांभळे होते, खिडकीच्या बाजूचे निळसर.

"जांभळ्यात लाल आणि निळा असतो. उजेडात लाल आधी उडतो. म्हणजे केक या खिडकीशी कालपासून आहे."

"पण आणला कुणी?" ड्वेन म्हणाला. "आणि लग्नाच्या केकवर एवढा राग असलेला माणूस तो असा मांडून कशाला ठेवील?"

"राग कुणाचाच नव्हता. मला पहिल्यांदा खटकली ती ही पिशवी. केक चोरणाऱ्याला आधाराच्या काड्या आणि उरलेलं आयसिंग कशाला हवं? ते लागतं केक जागेवर चढवणाऱ्याला, वाटेत कुठे धक्का लागला तर बुजवायला. म्हणजे केक चोरला नव्हता. पोचवला होता. आणि ते काम येणारं माणूस इथे एकच."

रोंडानं मान खाली घातली.

"डार्ला आली तेव्हा निळी गाडी घरी नव्हती. रोंडा तर शाळेत होती, ट्रक घेऊन. आर्डिथ म्हणते आपण दिवसभर घरी होतो. खोटं बोलत नव्हती ती. तिला तसंच वाटतं. धुतलेल्या गाडीवर खडीची धूळ होती. घरापासून गावापर्यंत सगळा डांबरी रस्ता, मग खडी आली कुठून? इकडूनच."

"पण इकडे का?" लव्हर्ननं विचारलं. तिला उत्तर कळलं होतं, हे तिच्या आवाजावरून दिसत होतं.

"तू चाळीस माणसं सांगितलीस, तिनं दीडशेंचा हिशेब केला. तू एक थर सांगितलास, तिनं तीन केले. तू पिवळे गुलाब सांगितलेस; पिवळा रंग तिनं आणला, पण बाटली उघडलीच नाही. लव्हर्न, तुझ्या पहिल्या लग्नाला किती माणसं होती?"

"दीडशे." लव्हर्न केकजवळ गेली. सगळ्यात वरच्या थरावर बारीक आयसिंगनं दोन अक्षरं काढली होती. ल आणि ऑ. "आणि लायलॅक. जून होता. इथेच, याच टेबलावर."

ड्वेननं टोपी काढली. "म्हणजे त्या वड्या..." तो म्हणाला. "तिला दर वेळी वाटत होतं, पहिल्यांदाच वाढतेय."

"तुला माहीत होतं, रोंडा," मार्लिस म्हणाली.

"केकचं नव्हतं माहीत. धूळ पाहिली तेव्हा वाटलं, कुठेतरी जाऊन आल्या. वर्षभर चाललंय. मी चिठ्ठ्या लावते, त्या फाडून टाकतात. डॉक्टरकडे चला म्हटलं की भांडतात." ती पहिल्यांदाच मोठ्यानं रडली. "त्यांना सांगू नका. त्यांच्या हातात केक सोडून दुसरं काय उरलंय? मीच घेतला म्हणून सांगते. चोर तर चोर."

"मग घराबाहेर काढेल तुला ती," लव्हर्न म्हणाली.

"पाया पडेन. माफ करतील."

मार्लिसनं पंचवीस वर्षांत कुणाला खोटं सांगू दिलं नव्हतं. आज तिनं नुसती मान डोलावली आणि जिना चढायला लागली.

आर्डिथ स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. पुढ्यात डार्लाची चिठ्ठी होती.

"आई," रोंडा म्हणाली, "केक मीच हलवला होता. सापडलाय, धड आहे. चुकलं माझं."

आर्डिथनं तिच्याकडे पाहिलं. "खोटं बोलताना तो पण असाच पायाकडे बघायचा," ती म्हणाली. तो म्हणजे तिचा मुलगा. "लव्हर्न, तू सांग. कुठे होता?"

लव्हर्नला तिच्याशी कधी खोटं बोलता आलं नव्हतं. "जुन्या चर्चमध्ये."

आर्डिथनं एप्रनला हात पुसले. हात कोरडेच होते, तरी पुसत राहिली.

"डार्लानं यात लिहिलंय, काल अकराला घरी कुणी नव्हतं," अखेर ती म्हणाली. "दहा वेळा वाचलं मी. मला काही आठवत नाही गं. काल संध्याकाळपासून देवाला एकच मागत होते, चोर निघू दे. रोंडा निघाली तरी चालेल म्हटलं, पण चोरच निघू दे."

रोंडा तिच्याशेजारी बसली. आर्डिथनं तिचा हात धरला आणि सोडला नाही.

"ट्रकमधलं सामान आत आण," ती म्हणाली. "आणि त्याआधी एक कागद घे. उद्या कुठल्या चर्चमध्ये जायचं, किती वाजता, ते लिही. मोठ्या अक्षरात लिही. हा मी फाडणार नाही."

रोंडानं लिहिलं. लव्हर्न खिडकीकडे तोंड करून उभी होती.

आर्डिथनं कागद दोनदा वाचला. मग सुनेच्या कानाशी वाकून, मैत्रिणीला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली, "तिच्या नवऱ्याचं नावही लिही."