मंगळावरचा राब

ठाण्याच्या विज्ञानकथा संमेलनात सगळे परग्रहवासीयाचं सोंग घेतलेल्या एका तरुणाभोवती गोळा झाले होते. चेहऱ्याला हिरवा रंग, पाठीवर बांबू-पानांचं कवच. "काय डिझाइन आहे," म्हणत पोरी सेल्फी काढत होत्या. आटगावच्या समीक्षाला मात्र खुदकन हसू आलं... कवच कसलं, लावणीच्या वेळी पावसात पाठीवर घेतात ते इरलं होतं ते.

"कुठल्या ग्रहावरचे तुमी?" तिनं विचारलं.

"मुरबाड," तो हळूच म्हणाला. "कुणाला सांगू नका गो."

त्याचं नाव दीपेश. चहाच्या रांगेत गप्पा रंगल्या, आणि त्याच्या मिश्कील डोळ्यांकडे बघताना समीक्षाची धडधड वाढली... तशी ती सकाळपासूनच वाढलेली होती म्हणा. आज नवोदितांच्या वाचनात तिचा नंबर होता. त्यातली एकच कथा संमेलनाच्या संग्रहात छापणार होते. गेल्या वर्षी माइकसमोर तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. ती तशीच खाली उतरली होती.

"मला वाचून दाखवा ना," त्यानं गळ घातली.

मंगळावर माणसांसाठी बांधलेल्या बंद घुमटात भात पिकवणाऱ्या म्हातारीची गोष्ट. त्यानं मन लावून ऐकली.

"राब कुठंय?" तो म्हणाला. "राब भाजल्याशिवाय म्हातारी पेरल कशी?"

"काढला. पेरणीआधी जमिनीवर शेण-पाला जाळतात, ते शहरातल्यांना काय कळणार? आणि मंगळावर प्राणवायूच नाय. जाळ पेटणार कसा?"

"पेटवायचा तर घुमटातल्या माणसांच्या वाटची हवा जाळावी लागल —" त्यानं तिच्याकडं रोखून पाहिलं. "हीच तर गोष्ट हाय, समीक्षा."

तिला ते एकदम पटलं. तेवढ्यात नाव पुकारलं. कागद त्याच्या हातात कोंबून ती व्यासपीठावर गेली आणि घरी बोलतात तशीच बोलत सुटली. राबासाठी हटून बसलेली म्हातारी, आणि तिच्या भरवशावर आपल्या वाट्याची हवा देणारी माणसं... गोष्ट संपली. मग टाळ्या थांबेनात.

कथा निवडली गेली ती तिचीच. समीक्षाला आभाळ ठेंगणं झालं. ती धावतच दीपेशपुढं येऊन उभी राहिली. आता शब्द फुटेना तो त्याला. "मी... मंजे... तुमी..."

"थांब, मीच सांगते. तू मला आवडलास." तिचा आवाज जराही कापला नाही. "रविवारी आटगावला ये. घरच्यांना ही गोष्ट तुझ्यासमोर ऐकवायचीय."

सगळ्यांदेखत त्यानं तिचा हात धरला.

"रविवारी कशाला?" तो म्हणाला. "आजच येतो."