बांधावरच्या खेपा

सकाळी सातला सेजल आमोण्याच्या बांधावरून आरोग्य केंद्रात निघाली होती. समोरून एक तरुण धावत आला आणि धाप लागून तिच्या पुढ्यातच खाली बसला. चेहरा लालबुंद. सेजल नर्स, तिने आधी त्याचं मनगट धरलं, नाव नंतर विचारलं.

"गौरेश. सुर्ल्याचा. खनिजाचा ट्रक चालवतो… म्हणजे चालवायचो. रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टरांनी फिटनेसचा कागद अडवलाय. महिन्याने खाण सुरू होणार. रोज चाला म्हणाले."

"चाला म्हणाले. तुम्ही धावताय."

"सात खेपा झाल्या," तो ऐटीत म्हणाला. "ही आठवी."

सेजलला हसू आवरेना. जास्त खेपा व्हाव्यात म्हणून ट्रकवाले कसे सुसाट जातात, ते तिने लहानपणापासून पाहिलं होतं. हा व्यायामही तसाच करत होता.

"खेपा मोजायच्या नाहीत. बोलता येईल एवढ्याच वेगाने चालायचं. आणि गोळी चुकवायची नाही."

"बोलायला कोणी हवं ना, सिस्टर."

दुसऱ्या दिवशी ती अर्धा तास लवकर निघाली. का, ते घरी सांगितलं नाही.

मग रोजच. कापणीला आलेलं भात, मांडवी नदीवरचा गार वारा, त्याच्या शर्टाला साबणाचा वास… व्यायामाने दाब उतरतो, मेंदूतली सूजही कमी होते, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय, ती सांगायची.

"म्हणजे मी तुमचा उंदीर?"

"उंदीर बरे. सांगितलं तेवढंच पळतात."

तो थांबला, तिच्याकडे नीट पाहून हसला. तिचंच पाऊल चुकलं.

महिन्याने केंद्रात तिने त्याच्या दंडाला पट्टा बांधला. घाम मात्र तिच्या तळहाताला. एकशे अठ्ठावीस, ब्याऐंशी! डॉक्टरांनी कागदावर सही केली. गौरेश नाचायचाच बाकी होता.

सेजल पट्टा गुंडाळत राहिली. उद्यापासून हा उजाडायच्या आत ट्रकवर जाणार. बांधावर कोणी नसणार.

गौरेश दारापर्यंत गेला, परत फिरला.

"सिस्टर, एक विचारू —"

"गोळी चालूच ठेवायची."

"ते नव्हे. माझी आवय… आई विचारते, शुक्रवारी तुमच्या घरी येऊ काय… लग्नाचं बोलायला. मी म्हटलं, आधी तुम्हाला विचारतो."

सेजलने गुंडाळलेला पट्टा पुन्हा उलगडला.

"शुक्रवारी नको," ती म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला.

"शुक्रवारी बाबा म्हापशाच्या बाजारात असतात. गुरुवारीच या."