शनिवारचे मतभेद

जळगाव-धुळे एसटीत खिडकीची जागा मिळाली म्हणजे निम्मा दिवस चांगला जाणार, असं डॉ. वैजयंती झोपे हिचं ठाम मत होतं. सत्त्याण्णव सालच्या थंडीतल्या त्या शनिवारी तिला ती मिळाली. बाईसाहेबांनी लगेच पिशवीतून झेरॉक्सचे कागद काढले आणि लाल पेनाने खुणा करायला सुरुवात केली. एरंडोल मागे पडलं. रस्त्याकडेच्या बाभळींना गाड्यांमधून उडालेला कापूस लटकत होता, पण तिचं बाहेर लक्ष असेल तर ना!

"मुलांचे दोन गट कसे पाडले, ते त्यात कुठेच लिहिलेलं नाही," शेजारून आवाज आला.

तिने मान वळवली. सावळा चेहरा, जाड चष्मा, घरी विणलेला स्वेटर… आणि मांडीवर अगदी त्याच लेखाची झेरॉक्स.

"दुसऱ्याच्या कागदात डोकवायची सवय आहे का तुम्हाला?"

"नाही… म्हणजे आजच लागली."

हा डॉ. निंबा बोरसे. मूळचा शिंदखेड्याकडचा, नोकरी धुळ्यात, आणि जळगावला बहिणीकडे जाऊन परत निघालेला. धुळ्याच्या मेडिकल कॉलेजातल्या महाजन मॅडमनी एकाच कामासाठी ज्या दोघांना आज बोलावलं होतं, ते दोघे असे एकाच बाकावर येऊन बसले होते. ती हसली, तो लाजला.

काम तसं नवलाचंच होतं. जुलाब झालेल्या लेकराला साखरेचं मीठपाणी द्यावं की तांदळाच्या पेजेचं, यावर देशोदेशी झालेले प्रयोग मॅडमनी गोळा केले होते. सगळे एकत्र करून एक निष्कर्ष काढायचा. पण आधी कोणत्या प्रयोगावर कितपत विश्वास ठेवायचा, ते ठरवायला हवं. कोणत्या मुलाला कोणतं पाणी, हे चिठ्ठी टाकून ठरलं की डॉक्टरच्या मर्जीने? उपचार अर्धवट सोडून गेलेल्यांचं पुढे काय झालं? प्रयोग कुठे एका बाजूला कलला असेल, ते हुडकून शेरा द्यायचा. आणि हे दोघांनी, आपापल्या गावी बसून, एकमेकांशी चकार शब्द न बोलता करायचं. एकाच्या मताची सावली दुसऱ्यावर पडली, की दोन माणसं लावून उपयोग काय? दर शनिवारी धुळ्याला दोघांचे शेरे शेजारी मांडायचे, आणि पटलं नाही तिथे भांडायचं.

भांडण तर असं जुंपायचं म्हणता! निंबाचं म्हणणं, जे लिहिलं नाही ते केलंच नाही असं धरा. वैजयंती म्हणायची, अहो, माणसं आहेत ती, लिहायचं राहून गेलं असेल. तो तिला मऊ म्हणायचा, ती त्याला फौजदार. मॅडम कपाळाला हात लावायच्या. मग चहा यायचा, वैजयंतीच्या डब्यातलं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी निघायची, आणि फौजदारसाहेब मान खाली घालून बोटं चाटायचे.

पुढे पुढे मात्र भांडणं कमी झाली. शेरे जुळायला लागले. मॅडम खूश… आता तुमचा हात बसला, म्हणाल्या. वैजयंतीलाही तसंच वाटलं. मग एका संध्याकाळी, जळगावच्या खोलीत कागदांवर वाकलेली असताना, तिने स्वतःलाच पकडलं. या लोकांनी चिठ्ठ्या नीट टाकल्या का, हे ती बघतच नव्हती. निंबा इथे काय लिहील, एवढंच बघत होती. तो भुवई उचलून 'भरवसा नाही' म्हणेल… आणि तिने हसत हसत तेच लिहिलं होतं.

प्रेमात पडली होती पोरगी, दुसरं काय! पण हे मॅडमना सांगायचं म्हणजे काम हातातून जाणार. काम गेलं की धुळे संपलं, शनिवार संपले, तो संपला. न सांगावं तर कुणाच्या तरी आजारी लेकराला कोणतं पाणी पाजायचं, ते तिच्या या लाडिक शेऱ्यांवर ठरणार. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर झालं, आणि सकाळी ती तेच शेरे घेऊन एसटीत बसली.

मॅडमनी कागद शेजारी मांडले आणि चष्मा पुसला. एकही शेरा जुळत नव्हता. गंमत म्हणजे वैजयंतीने सगळ्यांना झोडपलं होतं, आणि निंबाने, त्या फौजदाराने, सगळ्यांना माफ केलं होतं. मॅडम म्हणाल्या, असू दे, नेहमीसारखी चर्चा करा आणि मिटवा.

मिटवता आलं असतं. कुणाला कळलंही नसतं. वैजयंतीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

"मॅडम, माझे शेरे माझे नाहीत. हे… डॉक्टर बोरसे काय लिहितील, ते मी लिहिलंय. हे काम माझ्याकडून काढून घ्या."

निंबाने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"माझ्याकडूनही काढा. मी यांचे लिहिलेत."

मॅडमनी टेबलावरचे कागद गोळा केले. पहिल्या शनिवारपासूनचे सगळे प्रयोग आता दुसऱ्या दोघांकडे नव्याने जातील, असं शांतपणे सांगितलं. रागावल्या नाहीत, पण कागद कपाटात ठेवून कुलूप मात्र लावलं.

दोघे व्हरांड्यात आले. दुपारचं ऊन पडलं होतं. आता पुढच्या शनिवारी इथे यायला काही निमित्त उरलं नव्हतं, आणि तिला रडू आवरेना.

"एक विचारू?" ती म्हणाली. "मला काय आवडेल त्याचा विचार न करता सांगायचं. तुमचं स्वतःचं मत… माझ्याबद्दल."

निंबा एवढा शिकलेला डॉक्टर, पण त्या घडीला त्याच्या ओठांवर आईजवळ बोलायची अहिराणीच आली.

"मना जीव तुनावर शे."

तिने डोळे पुसले.

"माझाही आहे. आणि हे मी तुमचं ऐकून म्हणत नाहीये."