ओ द्यायची नाही

ही हकिकत खरी आहे. रचलेली असती, तर शेवट तरी बरा केला असता.

रविवारची भर दुपार. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. तिथे एक प्रयोगशील दिग्दर्शक, त्याची बायको आणि अडीच वर्षांची लेक ठकू राहत. लहान मुलाला जग कसे दिसते, हा त्याच्या चित्रपटाचा विषय. कॅमेरा ठकूच्याच छातीला पट्ट्याने बांधलेला. म्हणून पडद्यावर टेबलाचे पाय, मोठ्यांचे गुडघे आणि आभाळात टांगलेल्या दाराच्या कड्या.

शिवाय एक नियम. कॅमेरा चालू असताना ठकूने हाक मारली, तरी कोणी ओ द्यायची नाही. मोठ्यांच्या शब्दांनी मुलाची निर्मळ दृष्टी गढूळ होते, असा सिद्धान्त होता.

सिद्धान्तांना मुले नसतात.

संकलन ठकूच्या आत्याकडे होते. आतल्या खोलीत ती हेडफोन लावून चित्रण पाहत बसली.

"आई?"

गुडघे हलले नाहीत.

"बाबा?"

वर्तमानपत्राचे पान उलटले.

पुढच्या चित्रणात ठकू रडली. त्याच्या पुढच्यात रडायची थांबली.

मग कपाटाशेजारच्या कोपऱ्याकडे वळून म्हणाली, "तू कोण?"

थांबली...

हसली.

"मी ठकू."

आत्याने आवाज वाढवला. त्या दोन वाक्यांमधल्या फटीत काहीच नव्हते... पंखा नाही, फ्रिजची घरघर नाही, ठकूचा श्वासही नाही. रिकाम्या खोलीलासुद्धा स्वतःचा आवाज असतो. इथे तोही नव्हता.

"दादा, माइक बिघडला होता का?"

"नवा कोरा आहे. आणि त्या शांततेला कात्री लावू नकोस, सोनं आहे ते."

"पोरगी कोणाशी बोलतेय?"

"स्वतःशी. तेच तर दाखवायचंय, बाईसाहेब."

दारात उभी असलेली वहिनी, ठकूची आई, म्हणाली, "मी पहिल्याच दिवशी नको म्हटलं होतं. तेव्हा मी अडाणी ठरले."

ती बाहेर गेली. मागोमाग आत्याही. ठकू कोपऱ्यात बसली होती. वहिनीने पट्टा सोडला, कॅमेरा बंद केला.

"ठकुली, चल माझ्याजवळ."

ठकूने वळून पाहिले नाही. तिचे लक्ष कोपऱ्याकडे...

पंख्याचा आवाज गेला.

पंखा फिरत होता.

आवाज परत आला, तेव्हा ठकू म्हणाली, "ती थांब म्हणते."

थोड्या वेळाने, परवानगी मिळाल्यासारखी, ती उठून आली.

चित्रपट पूर्ण झाला. जाणकारांनी त्यातल्या शांततेची वाखाणणी केली.

ठकू आता शाळेत जाते. गुणी आहे. हाक मारली, की आधी जराशी थांबते, मग ओ देते. तेवढ्यात वहिनी हातातले काम सोडून पंख्याचा आवाज ऐकू येतो का, ते पाहते.

बहुतेक वेळा येतो.