अरुणाने काय मागितलं

ज्ञानूला डोस पाजायला मी दवाखान्यात गेले, तिथून हे सुरू झालं. पंच्याण्णव साल असेल. पोर तीन महिन्यांचं, ऊन लागायला नको म्हणून सकाळीच तुर्भ्याहून निघाले. डोस पाजून झाल्यावर सिस्टरने पोराकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघितलं.

"झोप लागते का रात्री?"

मी नाही म्हणाले.

"उगाच रडू येतं? कानात काही ऐकू येतं?"

"येतं," मी म्हणाले. "कुणीतरी मिरचीची देठं खुडतंय, असं येतं."

ती हसली नाही. बाळंतपणानंतर कुणाकुणाला असं होतं, त्याला औषध आहे, म्हणाली. बुधवारी डॉक्टरबाई बसतात, घरच्या कुणाला तरी घेऊन या. मी मान हलवली आणि पोर खांद्यावर टाकून घरी आले. घरच्यांना आणायचं म्हणजे काय, हे त्या बिचारीला काय माहीत!

आमची सगळी गल्ली माथाडींची, साताऱ्याकडची. बाबासो मसाला मार्केटात मिरचीची पोती वाहायचे. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, मी घेते. आम्ही बायका घरी गोणी आणून देठं खुडायचो. भिंतींना मिरचीचा वास, अंथरुणाला वास, भाकरीलाही तोच वास. बाहेरचा पाहुणा गल्लीत शिरला की शिंकून बेजार व्हायचा, डोळे पुसत चहा प्यायचा. आम्हाला काही म्हणजे काही व्हायचं नाही. एवढं ध्यानात ठेवा, कारण पुढे सगळं यावरच आलं.

तो आवाज मागच्या खोलीतून यायचा. खुट… मग थोडं थांबून परत खुट… मग बराच वेळ काही नाही. तो यायचा भर दुपारी, गल्ली सुस्तावलेली असताना. दार उघडून बघावं तर आत रिकाम्या गोणी आणि कोपऱ्यात पाटा. आवाजाच्या मागोमाग वास यायचा, आमच्या नेहमीच्या मिरचीचा नव्हे, निखाऱ्यावर जळणाऱ्या मिरचीचा. पोराला छातीशी धरून मी उंबऱ्यावरच बसून राहायचे. भीती वाटायची, फार वाटायची. ते लपवण्यात काय अर्थ आहे?

एक दिवस सासूला, म्हणजे आत्याबाईंना, सांगून टाकलं. त्या भाकरी थापत होत्या. हात तिथंच थांबला.

"दोन देठं खुडून थांबतं का… का सारखं खुडतंय?"

"थांबतं."

"अरुणा… अशीच खुडायची," त्या हळूच म्हणाल्या.

अरुणा ही बाबासोंची पहिली बायको. मी दुसरेपणावर आलेली. आमच्याकडे मेलेल्या सवतीचा चांदीचा टाक दुसरीच्या गळ्यात घालतात. तिला मान द्यायचा, सणाला आधी तिला नैवेद्य दाखवायचा, म्हणजे ती त्रास देत नाही. मीही घातला होता. बाळंतपणाच्या वेळी सिस्टरने गळ्यातलं सगळं काढायला लावलं, तेव्हा काढला तो परत घालायचा राहून गेला. आत्याबाईंना तेवढं पुरलं. मी बुधवारच्या डॉक्टरबाईंचं नाव काढलं, तर उसळल्याच.

"याडाच्या डाक्टरकडं? उद्या ह्या पोराला कोण पोरगी दील?"

त्यांनी गावाकडून आप्पा देवऋषीला बोलावणं धाडलं. आणि तो यायच्या आदल्या दिवशी शेजारच्या उज्वलाने पाणी भरता भरता मला सांगितलं, अरुणा कशी गेली ते. तिचं मूल पोटातच गेलं होतं. नंतर ती कुणाशी बोलेना, जेवेना, नुसती भिंतीकडे बघत बसायची. तेव्हाही हाच आप्पा आला. त्याची पारख अशी, की बाईला कोंडून मिरच्यांची धुरी द्यायची. ठसका लागला तर साधं दुखणं, नाही लागला तर अंगात बाहेरचं आहे. अरुणाला ठसका लागेना. लागणार कसा? दिवसाला गोणभर मिरची खुडणारी बाई ती! मग आणखी मिरच्या टाकल्या, मग आणखी. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा ती गेलेली होती. बाहेरचीनं नेली, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं आणि मोकळे झाले.

मला त्या खोलीत मरायचं नव्हतं. आजारी होते मी, ते मला पक्कं ठाऊक होतं. पण आजारापेक्षा संताप मोठा होता. त्या रात्री मी डोळा मिटला नाही. तसाही मिटत नव्हताच.

रविवारी दुपारी आप्पा आला. तसा भला म्हातारा, पांढरंशुभ्र धोतर, आवाज मऊ. त्याच्या मनात पाप नव्हतं, हीच तर मोठी भीती होती. मागच्या खोलीची खिडकी गोणपाटाने बुजवली. घमेल्यात निखारे आले. मला पाटावर बसवलं, समोर आप्पा, भिंतीशी आत्याबाई. बाबासो बाहेर गेले आणि कडी लागल्याचा आवाज आला. आप्पाने स्वतःच्या नाकातोंडावर उपरणं बांधलं आणि मूठभर मिरच्या निखाऱ्यावर टाकल्या.

धूर चढला. डोळ्यांत पाणी आलं, पण ठसका लागला नाही. आप्पा उपरण्याच्या आत खोकत होता आणि माझ्याकडे निरखून बघत होता.

"बघा," तो म्हणाला. "ठसका न्हाय."

"आत्याबाईंना तरी कुठं लागलाय?" मी म्हणाले. "त्यांच्यात कोण शिरलंय तेबी बघा की!"

आत्याबाई दचकल्या. आप्पा मात्र हळूच हसला.

"झाड बोलाय लागलं," तो म्हणाला.

ज्याच्या अंगात येतं त्याला ते लोक झाड म्हणतात. तेव्हा मला कळून चुकलं, की शहाण्यासारखं बोलले तरी बोलणारी मी नाही, आणि गप्प बसले तरी गप्प बसणारी मी नाही. त्याने आणखी एक मूठ टाकली. आत्याबाई दिसेनाशा झाल्या.

"कोण हायस तू? नाव सांग…"

मी केस मोकळे सोडले. रात्रभर जे ठरवलं होतं, ते आता करायचं होतं.

"अरुणा."

आत्याबाईंच्या तोंडून बारीक आवाज निघाला.

"काय पायजे तुला? साडीचोळी? नारळ? कोंबडा? मागशील ते मिळंल. झाडाचा शब्द आमी मोडत न्हाय."

हेच त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं मला.

"दवाखाना," मी म्हणाले.

निखारा तडतडला.

"दवाखाना…? भूत कुठं दवाखाना मागतंय व्हय?"

"मला न्हेलं न्हवतं. आता न्ह्या. बुधवारी डाक्टरबाई बसत्यात. न्हाय न्हेलं तर एकेकाच्या उरावर बसंन."

माझं ठरलेलं इथं संपलं होतं. यापुढचा एक शब्दही माझ्याजवळ नव्हता. मी तोंड मिटायला गेले, आणि ते मिटेना. जीभ आपोआप हलत होती. घशात इतकी आग, की मला पहिल्यांदाच श्वास पुरेना. आवाज माझाच होता, पण फार दमलेला.

"अवो…" दाराकडे बघत तो आवाज म्हणाला. "मी हाक मारली तवा तुमी कडीला हात लावला हुता. मला आतनं कळलं… हलली कडी. मग काढून घेतला हात. का वो काढला?"

दाराबाहेर काहीतरी धपकन पडल्यासारखं झालं. मग कडी निघाली, उजेड आत आला. बाबासो उंबऱ्यात गुडघ्यावर बसले होते, तोंड वेडंवाकडं झालेलं. ही गोष्ट उज्वलाला ठाऊक नव्हती, आत्याबाईंना नव्हती. जगात एका माणसाला ठाऊक होती, आणि त्याने ती कधी तोंडाबाहेर काढली नव्हती. आप्पा उपरणं तोंडाला तसंच ठेवून संध्याकाळच्या एसटीने गावी गेला.

बुधवारी आत्याबाई, बाबासो आणि मी दवाखान्यात. नंबर आल्यावर आत्याबाईंनी डॉक्टरबाईंना सरळ सांगितलं, "हिला न्हाय, हिच्या सवतीला दाखवायचंय. मेलेल्या." दारातली माणसं हसली. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी माणसांना बाहेर काढलं आणि आम्हाला बसवलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग आधी त्यांचंच बघू. अरुणाबाईंना काय होत होतं?"

मी तोंड उघडणार होते. ते नाटक होतं, निदान निम्मं तरी होतं, असं सांगणार होते. पण आत्याबाईच बोलायला लागल्या. झोपत न्हवती, म्हणाल्या. जेवत न्हवती. मेलेल्या लेकराला हाका मारायची. बोलता बोलता त्यांनी पदर तोंडात कोंबला.

"आणि या विजयमालाला?" माझ्याकडे बोट करत त्यांनी विचारलं.

"हिचंबी… तसंच हाय."

"मग आजार एकच होता, मावशी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तिला औषध मिळालं नाही, एवढाच फरक."

आत्याबाई त्या खोलीत मोठ्याने रडल्या. मला त्यांची दया आली नाही. आज येते. निघताना डॉक्टरबाई म्हणाल्या, "टाक घालायचा तर खुशाल घाला. गोळी मात्र चुकवायची नाही." मी दोन्ही पाळलं. महिनाभरात झोप यायला लागली. मागच्या खोलीतला आवाज आधी लांब गेला, मग बंद झाला. जळक्या मिरचीचा वासही गेला. मी पोराला पायांवर घेऊन न्हाऊ घालताना गाणं म्हणायला लागले, तेव्हा आत्याबाई चुलीकडे तोंड करून ऐकायच्या.

गल्लीत पुढे दोघींना असं झालं. एक उज्वलाची नणंद, एक कोपऱ्यावरच्या घरातली सून. दोघींनाही मीच कानात सांगितलं, काय मागायचं ते. दोघी दवाखान्यात गेल्या, बऱ्या झाल्या. खोटं बोलायला शिकवलं म्हणता? शिकवलं. परत शिकवीन.

पण तिसरीला मी शिकवलं नव्हतं.

गोळ्या आणायला गेले होते, बाबासो बरोबर होते. दवाखान्याच्या बाकावर खाडीपलीकडची, उलव्याकडची माणसं बसलेली. आई, म्हणजे सुमित्राबाई, आणि तिची सतरा-अठरा वर्षांची मुलगी, प्रिया. मुलीच्या कपाळाला अंगारा, मनगटावर दोरीचे वळ. आईच हळूहळू सांगत होती. भगताने नाव विचारलं तर पोरगी अरुणा म्हणाली, आणि दवाखाना मागितला. तिच्या तोंडची बोली कुठली, ती घरात कुणाला कळेना. घाटावरची असावी, असं भगत म्हणाला. पोरगी जन्मात खाडी ओलांडून गेलेली नव्हती.

मी त्या मुलीकडे बघत होते. ती माझ्याकडे बघतच नव्हती. तिची नजर बाबासोंवर होती. तिने ओढणी सावकाश डोक्यावरून घेतली, आमच्याकडे बाई नवऱ्यापुढे पदर घेते तशी. मग काय मनात आलं कोण जाणे, ती तिने पुन्हा खांद्यावर टाकली आणि उघड्या डोक्याने त्यांच्याकडे बघत राहिली. बाबासोंनी मान खाली घातली.

"ताय," सुमित्राबाई मला म्हणाली, "तुमी इला वलखता काय? आमचे घरान कोनी अरुना नाय."

आतून आमचा नंबर पुकारला. मी उठले नाही.

"ओळखते," मी म्हणाले. "आमच्या घरातली आहे. आधी तिला आत जाऊ द्या."

मुलगी बरी झाली, असं नंतर डॉक्टरबाईंकडून कळलं. बाबासो मात्र त्या दिवसापासून दवाखान्याची पायरी चढले नाहीत. दर महिन्याला गोळ्यांच्या बुधवारी गेटापाशी उभे राहतात आणि मला म्हणतात, "आधी बघून ये, बाकड्यावर कोण कोण बसलंय." मी वर जाते, एकेक तोंड नीट बघते. खाली येऊन त्यांना काय सांगायचं, ते मी ठरवते.