बॉनेटमधला सुंबिंग

"बादली तिरकी धर. पाणी काचेवर नको, बॉनेटवर पडू दे," वेनिंगने बजावले, आणि तिच्या चुलतभावाने, तिर्ताने, एखाद्या राजाला स्नान घालावे अशा थाटात पाणी ओतले. त्याची धाकटी बहीण किनांती फडके घेऊन सज्ज होती.

मागेलांग गावातल्या त्या अंगणात सुट्टीतली प्रत्येक सकाळ अशीच उगवत असे. गोलाकार पाठीच्या त्या जुन्या गाडीला तिकडे सारेच 'बेडूक' म्हणत. ही बेडूक वेनिंगच्या दिवंगत वडिलांची, तिच्या बापाकांची. धुतलेल्या बॉनेटमध्ये पश्चिमेकडचा सुंबिंग पर्वत अलगद उतरत असे. खरा पर्वत पाठीमागे उभा असतानाही बापलेक पायरीवर बसून बॉनेटमधलाच पर्वत न्याहाळत. तो बुटका दिसे, आणि त्याचे शिखर किंचित पुढे झुकलेले असे. वडील गेल्यापासून त्यांचा आवाज वेनिंगला दिवसेंदिवस आठवेनासा होत चालला होता. मात्र त्या झुकलेल्या शिखराकडे पाहताच तो तिच्या कानी स्पष्ट येई. म्हणूनच ही गाडी तिला प्राणांहून प्रिय होती.

गंज काढून, नवा रंग लेवून गाडी आदल्याच संध्याकाळी मार्गोनोंच्या गॅरेजातून परतली होती. रंग जुनाच, केळीच्या कोवळ्या पानासारखा. परंतु आज पाणी निथळले आणि पर्वत उमटला तो कमरेत मोडलेला, दोन शिखरांचा.

"हे बापाकांचं बॉनेट नाही," वेनिंग हळूच म्हणाली.

"डोंगर रात्री पडला असेल पलंगावरून," तिर्ता म्हणाला. किनांतीने त्याला चिमटा काढला.

तिघांनी पाकदेंकडे, म्हणजे तिर्ताचे वडील आणि वेनिंगचे थोरले काका सारवोको यांच्याकडे, धाव घेतली. कॉफीचा पेला खाली न ठेवताच ते म्हणाले की नव्या रंगाला डोळे सरावायला वेळ लागतो. तेव्हा वेनिंगने बॉनेट उचलून त्यांना त्याची आतली कड दाखवली. कारखान्यात साच्यावर दाबलेल्या मूळ पत्र्याची कड चहूकडे सारखीच पातळ दुमडलेली असते आणि तिच्यावर वेल्डिंगचे ठिपके समान अंतरावर असतात, हे तिला वडिलांनीच बोट धरून शिकवले होते. इथे कड कुठे जाड, कुठे बारीक होती, आणि ठिपके घाईत फेकलेल्या बियांप्रमाणे विखुरलेले होते.

पाकदेंनी मान तर हलवली, पण त्यांना विशेष काही वाटले नाही. अशी कड कोण वाकून पाहतो, असे ते म्हणाले. मग बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघून गेले की मार्गोनोच्या गॅरेजात अगदी ह्याच रंगाची दुसरी बेडूक उभी आहे आणि तिचा मालक आज दुपारी ती दूर सुराबाया शहराला घेऊन जाणार आहे. मुलांनी एकमेकांकडे पाहिले. क्षणार्धात किनांतीने स्वयंपाकघरातल्या फ्रिजवरचा लोहचुंबक खिशात घातला आणि तिघे गाडीत जाऊन बसले. पाकदेंना किल्ली शोधावीच लागली.

भातशेतांच्या मधून गाडी चालली होती. पाण्याने भरलेल्या प्रत्येक वाफ्यात सुंबिंग उलटा निजला होता. सुराबायाला डोंगर नाही, तिकडे समुद्र आहे, एवढेच वेनिंगच्या मनात पुनःपुन्हा येत होते.

पाक मार्गोनोंनी, म्हणजे मार्गोनोकाकांनी, तक्रार ऐकून घेतली आणि ते हसले. "शाळेला सुट्टी लागली की आमच्या गावात तज्ज्ञ उगवतात."

"तज्ज्ञ कसले, पाक," तिर्ता गरिबासारखा चेहरा करून म्हणाला. "आलोच आहोत, तर ती सुराबायाची गाडी फुकटात धुऊन देतो."

फुकटच्या कामाला नाही कोण म्हणेल? बादली तत्काळ आली. पाणी निथळले, आणि त्या परक्या गाडीच्या बॉनेटमध्ये सुंबिंग अखंड अवतरला. बुटका, किंचित झुकलेला. वेनिंग तिथेच उकिडवी बसली. तिच्या कानात तो आवाज आला होता.

इकडे तिर्ताने मार्गोनोंच्या हातात चुंबक देऊन, तुमच्या कामात लांबी, म्हणजे खड्डे बुजवायचा लगदा, अजिबात नसते असे ऐकतो, जरा दाखवा ना, अशी विनवणी केली. मार्गोनो फुलून गेले. सुराबायाच्या बॉनेटवर चुंबक सगळीकडे घट्ट बसला. मग त्यांनी तो मोठ्या ऐटीत वेनिंगच्या गाडीवर ठेवला. तो घसरत घसरत आला आणि त्यांच्याच पायावर पडला. तिथे पत्र्यावर लांबीचा जाड थर होता, आणि लांबीला लोहचुंबक चिकटत नाही.

हा सारा प्रकार कुंपणापलीकडून शेजारच्या बू जुमिरा, म्हणजे जुमिराकाकू, पाहत होत्या. त्या उन्हात तांदळाचे पापड वाळवत होत्या. बॉनेटं बदलली तरी कशी, असे मार्गोनो पुटपुटले, तेव्हा त्या म्हणाल्या,

"रंगाआधी अंगणात वाळत ठेवलेले ते तांबडे पत्रे म्हणताय? त्या दिवशी पाऊस आला, आणि तुम्ही सगळे जेवणावळीचा मांडव घालायला गेलेले. माझे पापड उचलले, तसे तुमचे पत्रेही उचलून आत ठेवले. कुठला कुठे होता, मला काय ठाऊक? मी माझे पापड ओळखते."

पावसात शेजाऱ्याचे वाळवण आत घेणे ही तिथली रीतच होती. दोष त्या माउलीचा नव्हता. दोन्ही पत्र्यांवर तांबडा अस्तर-रंग, आणि मार्गोनोंनी जवळ दिसला तो पत्रा जवळच्या गाडीला बसवून टाकला होता. त्यांनी मान खाली घातली.

तेवढ्यात सुराबायाचे पाक हर्तादी आले. पांढऱ्या केसांचे ते गृहस्थ आपल्या गाडीचे गुळगुळीत बॉनेट पाहून आनंदले होते. सारी हकिकत ऐकताच त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी त्या बॉनेटवरून एकदा हात फिरवला. मग त्यांनी वेनिंगला जवळ बोलावून विचारले की हा डोंगर पाहून तिचे वडील काय म्हणत असत.

ती अडखळली नाही. वडिलांच्याच सुरात म्हणाली, "'सुंबिंग वाकून बघतोय, आपल्याकडे नाश्त्याला काय आहे ते.'"

पाक हर्तादींनी टोपी काढली. "बोल्ट खोला, मार्गोनो."

दुपारच्या नमाजापूर्वी पत्रे आपापल्या घरी गेले. मार्गोनो म्हणाले की यापुढे गाडी बाहेर सोडण्याआधी ते या पोरांना बोलावणार आहेत. पाकदेंनी वेनिंगच्या डोक्यावर हात ठेवला. "कड वाकून बघायला हवी होती मी. तुझ्या बापाकला आज तुझा केवढा अभिमान वाटला असता."

निघताना पाक हर्तादींनी काच खाली केली. "आता सांग बघू, माझ्या बॉनेटमध्ये काय दिसतं?"

वेनिंग वाकली. "दोन डोंगर, पाक."

"म्हणजे मी तुझ्यापेक्षा एक जास्तच घेऊन निघालो," ते म्हणाले, आणि ते दोन डोंगर हळूहळू रस्त्याला लागले.