पाय काढू नका

शर्यतीच्या आदल्या दिवशी अरुणनगरच्या इंजिन-प्रयोगशाळेत संग्राम खराडेने गाडीच्या इंजिनाच्या वेगमर्यादेचा लाल आकडा खुशाल वाढवून टाकला. मंगळावर सगळ्याचंच वजन कमी, मग बोल्टालाही भार कमी, असा त्याचा कोल्हापुरी हिशेब.

प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. हुपरीकर मॅडमनी कपाळाला हात लावला. "वजन कमी झालं, वस्तुमान नाही. दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वर जाऊन उलटा फिरतो, तेव्हा त्याला खाली ओढतात ते त्याच्या दांड्याचे दोन बोल्ट. वेग दुप्पट केलात की ओढ चौपट. इथेही आणि कोल्हापुरातही."

मग आजवर बोल्ट तुटले कसे नाहीत, असं संग्रामने विचारलं. त्या म्हणाल्या, या इंजिनात दर फेरीला दट्ट्याच्या डोक्यावर वायू दाबला जातो. तो वरून रेटतो आणि बोल्टाचं ओझं वाटून घेतो. संग्रामला हे पटलं, पण भाजीवाल्याशी घासाघीस करावी तसा त्याने जेवढा वाढवला होता त्याच्या निम्माच आकडा खाली आणला. गाडी चालवणार होती त्याची बायको संयोगिता, आणि तिला जिंकायचंच होतं.

दुसऱ्या दिवशी दरीकाठच्या उतारावर ब्रेक जळाले. आता गाडीला इंजिनच धरून होतं, आणि उतार त्या इंजिनालाच पळवत होता. संग्राम आणि हुपरीकरांसमोरच्या पडद्यावर काटा लाल आकड्यापुढे गेला. बोल्ट तुटला तर चाकं जाम होऊन गाडी थेट दरीत जाणार होती.  वेगाच्या पॅडलवरून 'पाय काढ' म्हणायला संग्रामने माईक उचलला.

हुपरीकरांनी तो हिसकावून घेतला. "संयोगिताताई, इंधनाची तोटी बंद करा. आणि वेगाचं पॅडल दाबा, पार तळापर्यंत."

"मॅडम, जीव घेताय का तिचा?"

"पाय काढला की वायूची झडप मिटते. मग दट्ट्याला रेटायला वरून कोणी नाही, बोल्ट एकटा पडतो. पॅडल दाबलं की आत भरपूर वायू, आणि इंधन नाही म्हणून जोरही नाही."

काटा थरथरला, पण इंजिन टिकलं. गाडी सपाटीवर आली आणि घरंगळत थांबली. तिच्या बाजूने तिघे पुढे निघून गेले.

संग्राम धावत पोचला तेव्हा संयोगिता चाकाला टेकून हसत होती. त्याचे डोळे भरून आले. माईक आपल्या हातात राहिला असता तर आपण 'पाय काढ' म्हणालो असतो, हे त्याने कबूल केलं.

"म्हणाला असता की," ती म्हणाली. "तुमचं कधी ऐकलंय मी?"